देखभालीचा खर्च कोणी करावयाचा?

वजन उतरविण्याच्या जाहिरातीत दोन छायाचित्रे असतात, एक ‘आधी’चे आणि एक ‘नंतर’चे. त्यानंतरही दोन वर्षांनी काढलेले तिसरे छायाचित्र कोणी छापीत नाही. छापले तर पुष्कळांच्या बाबतीत ते पहिल्याशीच नाते सांगेल. प्रस्तुत लेखकाचा अनुभव वेगळा नाही. काही वर्षांपूर्वी एका आहार-केंद्रात बारा आठवड्यांचे शुल्क भरून नऊ किलो उतरविले. तेराव्या आठवड्यापासून केंद्राला माझ्याशी काही कर्तव्य उरले नाही आणि दीड वर्षात सात किलो परत आले. सहकाऱ्यांनी खापर माझ्या जिभेवर फोडले. जिभेचे वकीलपत्र मी घेत नाही; परंतु अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास यात आणखीही काही दिसते. आपण भांडवली खर्च करतो आणि देखभालीची तरतूदच ठेवीत नाही. गावोगावच्या नळपाणी योजना ज्या कारणाने बंद पडतात, त्याच कारणाने वजनही परत येते.

शरीराचा स्वभावही येथे ध्यानात घ्यावयास हवा. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे निम्म्याच्या आसपास आहारावर ठेवले. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. अन्नावाचून दुसरा विचार त्यांना सुचेना, शरीराने ऊर्जेची उधळपट्टी थांबविली, आणि निर्बंध उठताच हीच मंडळी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक खाऊ लागली. हे तरुण मुळात लठ्ठ नव्हते. त्यामुळे त्यांना हावरे ठरविण्याची सोय नाही. घटलेले वजन शरीर बुडीत कर्जात टाकीत नाही, वसुलीस निघते. औषधानेही हा हिशेब मिटत नाही. सेमाग्लुटाइड थांबविल्यावर उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. २०२५ मध्ये वजनासाठीची ही इंजेक्शने आपल्याकडेही विक्रीस आली. ती घेणाऱ्यांनी हा आकडा किमतीच्या आकड्याशेजारी मांडून पाहावा.

मग देखभाल म्हणजे काय? रीना विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. सरासरी १९ किलो वजन उतरविलेल्या ३१४ व्यक्तींचे तीन गट केले होते. एका गटास केवळ माहितीपत्रके पाठविली. दुसऱ्यास तिसऱ्या गटाचाच पाठ संगणकावरून दिला. तिसरा गट प्रथम आठवड्याला आणि पुढे महिन्याला प्रत्यक्ष एकत्र बसे. रोज काट्यावर उभे राहावयाचे. वजन ठरल्या मर्यादेत असेल तर हिरवे, थोडे वर गेले तर पिवळे, सव्वादोन किलोंहून अधिक वाढले तर तांबडे, म्हणजे पुन्हा पथ्य आणि मदत. दीड वर्षाअखेर माहितीपत्रकवाल्यांपैकी ७२ टक्के तांबड्यात गेले होते, संगणकवाल्यांपैकी ५५, आणि एकत्र बसणाऱ्यांपैकी ४६. म्हणजे बैठका घेऊनही जवळजवळ निम्मे घसरले, हे लपविण्याचे कारण नाही. पण ७२ आणि ४६ यांतील अंतर माहितीने पडलेले नाही. माहिती तर तिघांजवळही होती.

हे आपल्याला नवे वाटू नये. पोस्टात व्याज मिळत असता आपल्या बायका बिनव्याजी भिशी का लावतात, हा प्रश्न मी वर्गात टाकतो. मुले हसतात, घरी आईला विचारून आली की हसत नाहीत. ठरलेली तारीख, ठरलेली रक्कम आणि विचारणारी दहा माणसे, एवढ्यावर भिशी चालते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा दोन वेळच्या जेवणाचा आग्रह काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रभर पसरला. त्याची शास्त्रीयता वैद्यांनी ठरवावी. परंतु त्याच्या प्रसारात व्हॉट्‌सॲपवरील गटांचा वाटा मोठा होता, याकडे टीकाकारांचे लक्ष गेले नाही.

मेळघाटात मुले कुपोषित असताना खात्यापित्यांच्या वजनाची चिंता शासनाने का वाहावी, हा आक्षेप रास्त आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष अतिवजनाचे निघाले. ही सगळी खातीपिती घरे म्हणता येत नाहीत. गट म्हणजे रामबाण नव्हे, हेही खरे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सहकारी-गटांचा मोठा प्रयोग झाला. लोकांच्या सवयी सुधारल्या, पण मधुमेह लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे २०१८ च्या निष्कर्षात सिद्ध झाले नाही. म्हणून आशा सेविकांच्या डोक्यावर आणखी एक नोंदवही लादावी, असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र ज्या विमा कंपन्या ठरावीक अटींवर लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचे लाखो रुपये देतात, त्यांनी त्यानंतरच्या दोन वर्षांच्या मासिक बैठकीचे शेकड्यांतले देयक का नाकारावे? आणि बारा आठवड्यांचे शुल्क घेणाऱ्या केंद्रांना वर्षानंतरचे वजन जाहीर करण्याची सक्ती का नसावी?

आमच्या महाविद्यालयात जूनपासून अकरा जण दर सोमवारी व्यायामशाळेतील जुन्या काट्यावर उभे राहतो. शिपाईकाका आकडा मोठ्याने वाचतात. गेल्या सोमवारी मी पिवळ्यात होतो.