विश्लेषण : टेहळणीचे चिलखती वाहन आठ टनांवरून ३८ टनांवर कसे गेले?

फॉकलंड बेटांवर १९८२ मध्ये ब्रिटिश फौज उतरली, तेव्हा तिच्याजवळ एकही मोठा रणगाडा नव्हता. चार ‘स्कॉर्पियन’, चार ‘सिमिटर’ आणि बिघडलेली वाहने ओढून काढणारे एक ‘सॅमसन’ एवढाच चिलखती ताफा होता. बेटावरच्या दलदलीत ही वाहने रुतून बसतील, असे अनेक अधिकाऱ्यांना वाटत होते. तसे झाले नाही. वायरलेस रिज आणि माउंट टंबलडाउनच्या लढाईत त्यांनी पायदळाला साथ दिली. एक स्कॉर्पियन भूसुरुंगावर गेले, पण आतले सैनिक वाचले.

दलदलीत ती रुतली का नाहीत?

कारण वजन. स्कॉर्पियन जेमतेम आठ टनांचे. सी-१३० मालवाहू विमानात अशी दोन वाहने मावावीत, या अटीवरच त्याची रचना झाली. पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचे चिलखत आणि जग्वार मोटारींतल्या ४.२ लिटर पेट्रोल इंजिनाचे लष्करी रूप अशी ही जोडणी होती. रुंद पट्ट्यांमुळे जमिनीवर पडणारा दाब चालणाऱ्या माणसाच्या पावलापेक्षाही कमी. वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. किंमत अर्थातच चिलखतात मोजावी लागली. हे चिलखत मशीनगनच्या गोळ्या अडवते, रणगाड्याचा गोळा नाही. पण टेहळणी पथकाचे काम शत्रूला गाठून लढण्याचे नसतेच. शत्रू कुठे आहे, किती आहे हे पाहायचे, कळवायचे आणि सुखरूप परतायचे. लहान आकार आणि पळ काढण्याची क्षमता हेच त्याचे खरे चिलखत.

एकाच सांगाड्यातून किती प्रकार?

कॉव्हेंट्रीच्या अल्विस कंपनीने १९७०च्या दशकाच्या आरंभी हे कुटुंब सेवेत आणले. स्कॉर्पियनवर ७६ मिलिमीटरची तोफ, सिमिटरवर ३० मिलिमीटरची वेगाने मारा करणारी रार्डन. ‘स्ट्रायकर’वर रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे, ‘स्पार्टन’मध्ये सैनिक, ‘सुलतान’मध्ये कमांड पोस्ट, ‘समॅरिटन’ म्हणजे रुग्णवाहिका. (सगळी नावे ‘स’वरून, ब्रिटिशांना अशा नामावळीची हौस आहे.) यातली खरी कमाई सुट्या भागांची आहे. इंजिन, पट्टे, चाके बहुतांशी एकच असल्याने एकाचा मेकॅनिक दुसरे वाहनही दुरुस्त करू शकतो. १९९०च्या दशकात तोफेचा धूर टरेटमध्ये साचत असल्याने स्कॉर्पियन ब्रिटिश सेवेतून गेले. पण सांगाडे भंगारात न टाकता काहींवर दुसऱ्या गाडीचे टरेट बसवून ‘सेबर’ तयार झाले.

मग वजन वाढले कसे?

अफगाणिस्तानात. तिथे धोका समोरून नव्हता, रस्त्यात पेरलेल्या स्फोटकांचा होता. सिमिटरला जादा चिलखत आणि सुरुंगरोधक आसने बसवता बसवता वजन १२ टनांपर्यंत गेले. त्याला दोष देता येणार नाही, प्रश्न सैनिकांच्या जिवाचा होता.

मात्र त्यानंतरचा वारसदार पाहिला की प्रश्न पडतो. ‘अजॅक्स’ सुमारे ३८ टनांचे आहे, म्हणजे मूळ स्कॉर्पियनच्या पावणेपाच पट. २०१४ मध्ये साडेपाच अब्ज पौंडांना ५८९ वाहनांचा करार झाला. चाचण्यांत आवाज आणि कंपनाचा सैनिकांना, विशेषतः त्यांच्या कानांना, त्रास झाला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. जुने सिमिटर २०२३ मध्ये निवृत्त झाले, तेव्हाही नवे तयार नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते वापरायोग्य जाहीर झाले आणि त्याच महिन्यात सरावात सैनिक आजारी पडल्याने वापर पुन्हा थांबला.

अजॅक्सच्या बाजूने बोलायचे तर त्याचे कॅमेरे व संवेदक दूरवरून शत्रू हेरतात, त्यामुळे जवळ जाण्याची गरज कमी होते. शिवाय ड्रोनच्या युगात पातळ पत्रा पुरत नाही. पण ड्रोनपुढे ३८ टनही पुरत नाहीत, हे युक्रेनमध्ये त्याहून जड रणगाड्यांनी दाखवले आहे. आणि एवढे वजन कच्च्या पुलावरून, मऊ जमिनीवरून नेता येत नसेल, तर टेहळणी करणार कुठून?

भारतात हा प्रश्न कुठे येतो?

लडाखमध्ये. २०२० च्या तणावात भारताने टी-७२ आणि टी-९० हे ४० टनांवरचे रणगाडे तिथे चढवले. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते आणि डोंगरी रस्ते-पूल वजन मोजूनच वाट देतात. म्हणून डीआरडीओ आणि एल अँड टी यांनी २५ टनांचा ‘झोरावर’ बनवला; जुलै २०२४ मध्ये तो हजिऱ्यात दाखवण्यात आला. तो टेहळणी वाहन नव्हे, हलका रणगाडा आहे. पण स्फोटकांपासून, ड्रोनपासून संरक्षण म्हणून एकेक पत्रा वाढवण्याचा आग्रह त्याच्याही बाबतीत होईल. त्या वेळी २५ टनांच्या मर्यादेवर कोण ठाम राहते, हे पाहावे लागेल.