खमिराचा तास

गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. घरी भात रोजचा, पाव मात्र बेकरीतून येतो. यंदा आम्ही सहावीच्या मुलांकडून पावाचे पीठ मळून घेतले. मैदा 1 किलो, पाणी 600 मिलिलिटर. शेकडा किती पाणी? गणित जमत नाही म्हणून शाळा सोडायच्या बेतात असलेली एक मुलगी तराजूपाशी उभी होती. तिनेच आधी सांगितले, "साठ!"

पहिला गोळा फुगलाच नाही. चूक आमचीच, पाणी कढत होते. यीस्ट सजीव असते. कोमट पाण्यात ते पिठातली साखर खाऊन वायू सोडते, कढत पाण्यात मरते. दुसरा गोळा फुगला आणि विज्ञानाचा धडा आपोआप झाला. ‘खमीर’ उर्दूतले, ‘पाव’ पोर्तुगीजांकडचा; भाषा आणि इतिहासही त्यातच आले.

आपल्याच विदर्भात, वर्ध्याला, ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण, हीच नई तालीम. तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन.

भगिनींनो, कणीक मळताना मुलगा असो वा मुलगी, जवळ बोलवा. पीठ-पाणी त्यांनाच मोजू द्या. ती मुलगी अजून शाळेत येते आहे.