२२,८४५ कोटी म्हणजे नेमके किती? सायबर फसवणुकीचे आकडे असे वाचा

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामाने एक फॉरवर्ड टाकला. लाल अक्षरं, चार उद्गारचिन्हं आणि मजकूर साधारण असा: यूपीआयमुळे एका वर्षात भारतीयांचे २२,८४५ कोटी रुपये लुटले गेले, आजच ॲप काढून टाका.

मामाचं कराडजवळ हार्डवेअरचं दुकान आहे. तो नुसता फॉरवर्ड करून थांबला नाही, काउंटरवरचा क्यूआर कोड काढून त्याने सरळ ड्रॉवरमध्ये टाकला. मी फोन केला तर म्हणाला, "अरे, बावीस हजार कोटी! आकडा तरी बघ की. एवढं ऐकल्यावर कोण ठेवील ते दुकानात?"

मी आकडा तपासला. गंमत म्हणजे आकडा खरा निघाला. खोटं होतं ते त्याच्याशेजारी चिकटवलेलं वाक्य. मोठ्या आकड्यांचं नेहमी असंच होतं. आकडा बघूनच आपण इतके दबून जातो, की तो कशाचा आहे हे विचारायचं राहून जातं. म्हणून म्हटलं, हाच एक आकडा घेऊन नीट उलगडून बघूया.

आधी आकाराचा अंदाज घेऊ

लाख, कोटी, लाख कोटी हे शब्द आपण रोज ऐकतो, पण त्यांच्यातलं अंतर डोळ्यांसमोर येत नाही. यासाठी मी सेकंदांची युक्ती वापरतो.

एक लाख सेकंद म्हणजे साधारण २८ तास, एका दिवसापेक्षा थोडे जास्त. एक कोटी सेकंद म्हणजे जवळपास ११६ दिवस, चार महिन्यांना थोडे कमी. १०० कोटी सेकंद म्हणजे ३१ वर्षं आणि वर काही महिने. आणि एक लाख कोटी सेकंद म्हणजे सुमारे ३१,७०० वर्षं!

आता २२,८४५ कोटी सेकंद मोजा. सुमारे ७,२४० वर्षं होतात. म्हणजे हडप्पा आणि मोहेंजोदडो ही शहरं वसायच्याही आधीपासून दर सेकंदाला एक रुपया बाजूला टाकत आलो असतो, तर आज ही रक्कम जमली असती.

जवळचं उदाहरण हवंय? मुंबईच्या अटल सेतूचा खर्च सरकारने १७,८४० कोटींपेक्षा जास्त सांगितला होता. म्हणजे एका वर्षात गेलेल्या या पैशात तो २१.८ किलोमीटरचा पूल बांधून वर पाच हजार कोटी उरले असते. तेव्हा मामाचं घाबरणं काही उगाच नव्हतं. रक्कम खरंच प्रचंड आहे.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. इंग्रजी बातमीतलं एक मिलियन म्हणजे १० लाख, एक बिलियन म्हणजे १०० कोटी आणि एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. घाईत वाचताना '२० बिलियन' चे २० कोटी करणारे खूप जण मी पाहिलेत. खरे होतात २,००० कोटी. म्हणजे थेट शंभर पटींची चूक.

हा आकडा मुळात कशाचा आहे?

फॉरवर्ड इथेच फसवतो. २२,८४५ कोटी हा आकडा २०२४ या वर्षातल्या सगळ्या सायबर फसवणुकीचा आहे, एकट्या यूपीआयचा नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेकडे लोकांनी केलेल्या तक्रारींवरून तो काढलाय आणि सरकारने संसदेत दिलाय. यात शेअर बाजाराच्या नावाने चालणारे बनावट ॲप आले, 'घरबसल्या काम' वाले आले, 'डिजिटल अरेस्ट' आले, कार्ड आणि नेट बँकिंगची फसवणूकही आली.

मग यूपीआयचा आकडा किती? अर्थ मंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२३-२४ या आर्थिक वर्षात यूपीआय फसवणुकीच्या १३.४२ लाख घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांत १,०८७ कोटी रुपये गेले.

आता लगेच २२,८४५ मधून १,०८७ वजा करायला जाऊ नका! एक आकडा जानेवारी ते डिसेंबरचा आहे, दुसरा एप्रिल ते मार्चचा. दोन्हींची नोंद वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या पद्धतीने होते. शिवाय बनावट ट्रेडिंग ॲपला भुलून कोणी स्वतःच्या हाताने पैसे पाठवले, तर ती घटना कोणत्या खान्यात टाकायची हाही प्रश्न असतोच. पण एवढं नक्की सांगता येतं की फॉरवर्डमध्ये संपूर्ण सायबर फसवणुकीचं बिल एकट्या यूपीआयच्या नावाने फाडलंय.

'नक्की काय मोजलं' हा प्रश्न बाकी ठिकाणीही कामाला येतो. ट्रायच्या अहवालानुसार मार्च २०२५ अखेर देशात सुमारे ९६.९ कोटी इंटरनेट ग्राहक होते. पण हे कनेक्शन आहेत, माणसं नाहीत. दिल्लीत दर १०० माणसांमागे २०० पेक्षा जास्त फोन कनेक्शन आहेत, तर बिहारमध्ये ६० पेक्षाही कमी. एकाच्या खिशात दोन सिम आणि दुसऱ्याकडे एकही नाही, असं असलं तरी कागदावर हिशोब 'दोन माणसं, दोन कनेक्शन' असा छान जुळतो.

२०६ टक्के वाढ म्हणजे दुप्पट नव्हे

२०२३ मध्ये सायबर फसवणुकीत ७,४६५ कोटी गेले होते. २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. बातम्यांमध्ये आलं, '२०६ टक्क्यांनी वाढ'. माझ्या दोन मित्रांनी याचा अर्थ 'दुपटीपेक्षा जरा जास्त' असा लावला.

वडापाव घ्या. २० रुपयांचा वडापाव १०० टक्क्यांनी वाढला तर ४० रुपयांना मिळेल. २०६ टक्क्यांनी वाढला तर ६१ रुपयांना. म्हणजे तिप्पट! 'इतक्या टक्क्यांनी वाढ' आणि 'इतके पट' यांत नेहमी मूळ रकमेचा फरक असतो.

आता याच दोन वर्षांतल्या घटनांची संख्या बघा. २०२३ मध्ये २४.४२ लाख, २०२४ मध्ये ३६.३७ लाख. घटना दीडपट झाल्या, पैसे तिप्पट गेले. २०२३ मध्ये एका घटनेमागे सरासरी ३०,६०० रुपये जात होते, २०२४ मध्ये सुमारे ६२,८०० रुपये. म्हणजे फसणाऱ्यांची संख्या तर वाढलीच, पण प्रत्येकाला बसणारा फटका दुप्पट झाला. मला विचाराल तर या आकडेवारीतली सगळ्यात महत्त्वाची बातमी हीच आहे, आणि २०६ टक्क्यांच्या मथळ्यात ती दिसतच नाही.

भागायचं कशाने?

मोठा आकडा समजून घ्यायचा तर तो कशाने तरी भागावा लागतो. पण कशाने भागलं त्यावर गोष्ट पार बदलते.

लोकसंख्येने भागा. भारताची लोकसंख्या साधारण १४५ कोटी धरली, तर २२,८४५ कोटी म्हणजे माणशी १५७ रुपये. एका छोट्या रिचार्जएवढे. वाटतं, एवढंच होय!

दिवसांनी भागा. रोजचे सुमारे ६२ कोटी रुपये आणि रोजच्या जवळजवळ दहा हजार घटना. म्हणजे तासाला चारशेच्या वर. हा लेख वाचायला तुम्हाला सात-आठ मिनिटं लागली, तर तेवढ्यात पन्नास घटना झालेल्या असतील.

घटनांनी भागा. प्रत्येकी ६२,८०० रुपये. महिना वीस हजार कमावणाऱ्या घरात हा तीन महिन्यांहून जास्त पगार झाला.

आकडा एकच, आणि तिन्ही उत्तरं गणिताने बरोबर. पण ते १५७ रुपये कोणाच्याच खिशातून गेलेले नाहीत. बहुतेकांचे शून्य गेले आणि काहींचे आयुष्यभराचे गेले. सरासरी काढली की ही माणसं दिसेनाशी होतात. म्हणून कोणी 'दरडोई' आकडा दाखवला, की मी विचारतो, हे खरंच सगळ्यांना वाटून आलंय का?

दिलासा देणारा आकडाही फसवतो

आता मामाला समजावण्यासाठी मी उलटा हिशोब केला. २०२३-२४ मध्ये यूपीआयवर सुमारे १३,१०० कोटी व्यवहार झाले, रक्कम सुमारे २०० लाख कोटी. त्यांत फसवणुकीच्या घटना १३.४२ लाख. म्हणजे साधारण एक लाख व्यवहारांमागे एक घटना. पैशात बोलायचं तर दर लाख रुपयांमागे साडेपाच रुपयेसुद्धा नाहीत.

रोज पाच व्यवहार करणाऱ्या माणसाचे वर्षाला १,८२५ होतात. निव्वळ सरासरीने त्याच्या वाट्याला अशी घटना पन्नासेक वर्षांतून एकदा यावी. किती छान वाटतं ऐकायला!

पण थांबा. एक लाख लोक यूपीआय वापरतात असं एखादं शहर धरा. प्रत्येकाचे रोज पाच व्यवहार, म्हणजे रोज पाच लाख. त्याच हिशोबाने त्या शहरात रोज पाच घटना होणार. प्रत्येकी सरासरी ८,१०० रुपये. गावातल्या पेपरात रोज बातमी येईल, रोज कोणीतरी ओळखीचं निघेल. तेव्हा 'लाखात एक' हेही खरं आणि 'रोजच ऐकतोय' हेही खरं.

दुसरी गोष्ट, धोका सगळ्या व्यवहारांत सारखा वाटलेला नसतो. नेहमीच्या किराणावाल्याला स्कॅन करून ८० रुपये देणं आणि 'तुमचं पार्सल अडकलंय' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून पिन टाकणं, या दोघांना एकाच सरासरीत कोंबण्यात अर्थ नाही. आणि यूपीआय वाढतंय केवढं बघा: ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात पहिल्यांदा २,००० कोटींच्या वर व्यवहार झाले, म्हणजे सेकंदाला सुमारे ७,५००. टक्केवारी तेवढीच राहिली तरी फसणारी माणसं वाढतच जाणार.

एक सरकारी आकडाही असाच जपून वाचायचा. १९३० हेल्पलाइनच्या यंत्रणेमुळे जुलै २०२५ पर्यंत ५,४८९ कोटी रुपये वाचल्याचं सरकारने सांगितलं. काम खरंच चांगलं आहे. पण हा आकडा २०२१ पासूनच्या चार वर्षांचा आहे, आणि २२,८४५ कोटी एकट्या २०२४ चे. दोन्ही शेजारी ठेवून 'चौथा भाग पैसा परत मिळतो' असं कोणी सांगितलं, तर ते चुकीचं आहे.

आणि हे सगळे आकडे फक्त तक्रार केलेल्यांचे. लाजेने किंवा 'जाऊ दे, दोन हजारच गेले' म्हणून जे गप्प बसले, ते यांत नाहीतच. उलट लोक जास्त तक्रारी करायला लागले म्हणूनही आकडा काही प्रमाणात फुगतो.

मग मामाचं काय झालं?

मी मामाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो अर्धा वेळ "हं, हं" करत होता. शेवटी म्हणाला, "ते लाखात एक वगैरे सोड. मी दुकानात काय करू ते सांग."

बरोबर होतं त्याचं. म्हणून चारच गोष्टी सांगितल्या. क्यूआर परत लाव, कारण पैसे *घ्यायला* पिन लागत नाही; पैसे मिळवण्यासाठी कोणी पिन टाकायला सांगत असेल, तर तो चोर. यूपीआयला जोडलेलं खातं वेगळं ठेव आणि त्यात आठवड्याला पुरतील एवढेच पैसे असू देत. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नकोस, आपल्या खात्यात जमा झालेलं बघ. आणि काही झालंच तर तासभर विचार करत बसू नकोस, लगेच १९३० ला फोन लाव, कारण चोराच्या खात्यातून पैसा पुढे सरकायच्या आत तो गोठवता आला तरच वाचतो.

क्यूआर दुसऱ्या दिवशी काउंटरवर परत आला. पाठोपाठ मामाने ग्रुपवर मेसेज टाकला: 'तो आकडा सगळ्या फसवणुकीचा आहे, फक्त यूपीआयचा नाही. १९३० नंबर सेव्ह करा.' त्याला तीन अंगठे आले. आधीच्या लाल अक्षरांच्या फॉरवर्डला सतरा आले होते.

पुढच्या वेळी तुमच्या ग्रुपवर असा आकडा आला, तर चार प्रश्न विचारा. नक्की काय मोजलंय? किती काळाचं? कशाने भागलंय? आणि सरासरीमागे कोण लपलंय? उत्तरं नाही मिळाली, तर फॉरवर्डचं बटण दाबू नका.