"दुसरा पर्यायच नाही"? मग मोजून दाखवा!

आमच्या फिल्डमध्ये एक वाक्य आहे. ते फेकलं की मिटिंग संपते. "अरे, हा प्रॉब्लेम एनपी-कम्प्लीट आहे." बस्स! ज्याला अर्थ माहीत नाही तो लाजेनं गप्प बसतो, आणि ज्याला माहीत आहे तो कॉलेजातली ओरल आठवून गप्प बसतो. आज मला या वाक्यावर जरा भडास काढायचीय.

काही वर्षांपूर्वी मी एका सपोर्ट टीममध्ये होतो. (कुठल्या कंपनीत ते विचारू नका, थोड्याफार फरकानं सगळीकडे तेच.) १२ जण, ३ शिफ्ट, आणि महिन्याचं रोस्टर आमचे लीड एक्सेलमध्ये बसवायचे. टीममधल्या एकीची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. आणि तिला सलग तिसऱ्या महिन्यात चारही वीकेंडना नाइट. तिनं मिटिंगमध्ये विचारलं, "सर, दोन वीकेंड तरी सुटतील का?" सर म्हणाले, "अगं, शेड्युलिंग एनपी-कम्प्लीट असतं. हे एक कसंबसं बसलंय. दुसरा पर्यायच नाही."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. च्यायला, मी तर हा विषय शिकलो होतो!

आता जरा बघू, की सर नक्की काय म्हणाले. १९७१ साली टोरांटोच्या स्टीफन कुकनं जे दाखवलं त्याचा मथितार्थ एवढाच: हो-नाही स्वरूपाच्या अटींचं एखादं सूत्र दिलं, तर त्या सगळ्या अटी एकदम पाळणारं उत्तर आहे का, हा प्रश्न (याला सॅट म्हणतात) अशा एका मोठ्या जातीतल्या कुठल्याही प्रश्नाइतकाच अवघड आहे. *प्रत्येक* सूत्रावर झटपट चालेल अशी रीत आजही कुणाला माहीत नाही. पण "प्रत्येक" हा शब्द विसरू नका. तुमच्या टेबलावरचं सूत्र अवघड आहे असं कुकनं कुठेही म्हटलेलं नाही.

आणि लोक १९७१ नंतर हातावर हात ठेवून बसलेही नाहीत. १९९६ मध्ये ग्रास्प नावाचा सॉल्व्हर आला. त्याची युक्ती अशी, की अंदाज चुकला की नुसतं मागं फिरायचं नाही. तो *का* चुकला ते शोधून त्याची एक नवी अट लिहून ठेवायची, म्हणजे तीच चूक पुन्हा होत नाही. (हे आमच्या टीमला जमलं असतं तर!) २००१ मध्ये प्रिन्स्टनचा चॅफ आला आणि चिप तपासणीतली हजारो व्हेरिएबल्सची सूत्रं सुटायला लागली. तुम्ही कोंडानं पॅकेज टाकता तेव्हा कुठलं व्हर्जन कशाशी जमेल हे ठरवायला आत सॅट सॉल्व्हरच बसलेला असतो. म्हणजे "एनपी-कम्प्लीट आहे, होणार नाही" म्हणणारा माणूस ते ज्या मशीनवर म्हणतो, त्याच मशीनवर हे रोज होत असतं :)

तर एका शनिवारी मी बसलो. १२ माणसं, ३० दिवस, ३ शिफ्ट, म्हणजे १०८० व्हेरिएबल्स. नाइटनंतर लगेच मॉर्निंग नको, सलग पाचपेक्षा जास्त दिवस नको, नाइटला किमान दोघं हवेत, रजा सोडायच्या, आणि तिचे दोन वीकेंड मोकळे. नुसत्या शक्यता म्हणाल तर १ वर ३२५ शून्यं. सॉल्व्हरनं उत्तर दिलं. चहा उकळायच्या आत.

पण माझं समाधान होईना. सर म्हणतील, "ठीकाय, नशिबानं आणखी एक सापडलं." म्हणून खरा प्रश्न विचारला: एक नाही, *किती*?

इथे कबूल करायला हवं, की मोजणं खरोखरच जास्त अवघड आहे. प्रत्येक अटीत दोनच गोष्टी असतील तर उत्तर आहे की नाही हे चुटकीसरशी कळतं. पण अशी उत्तरं नेमकी किती, हे मोजणं प्रचंड कठीण, असं लेस्ली वॅलियंटनं १९७९ मध्येच दाखवून ठेवलंय. माझ्याही मशीनला अख्खा महिना झेपला नाही. मग सरांचं रोस्टर तसंच ठेवून फक्त शनिवार-रविवार मोकळे केले आणि अंदाजानं मोजणारा काउंटर लावला.

"अंदाजानं" म्हटल्यावर नाक मुरडू नका. समजा भरलेल्या स्टेडियममध्ये माणसं मोजायचीत. प्रत्येकाला नाणं उडवायला सांगा, काटा आला तो बाहेर. असं दहा वेळा करा. शेवटी ३७ जण उरले, तर सुरुवातीला साधारण ३७ गुणिले १०२४, म्हणजे ३८ हजारांच्या आसपास. सूत्राच्या बाबतीत नाण्याऐवजी सम-विषमच्या रँडम अटी घालतात, प्रत्येक अटीनं उत्तरं साधारण निम्मी होतात. मूळ कल्पना जुनी आहे, पण २०१३ मध्ये आपल्या पवईच्या आयआयटीतले सुप्रतीक चक्रवर्ती आणि राइस विद्यापीठातले कुलदीप मील व मोशे वार्डी यांनी यातून अॅप्रॉक्सएमसी हा वापरता येईल असा काउंटर बनवला. वर हमी: नेहमीच्या सेटिंगला आकडा खऱ्याच्या १.८ पटीच्या आत, निदान ८० टक्के खात्रीनं. जास्त खात्री हवी तर जास्त वेळ द्या.

माझा आकडा लाखांत आला. त्याला १.८ नं भागा, हवं तर दहानं भागा. सरांचा आकडा होता एक.

आता तुम्ही म्हणाल, कधी कधी खरंच पर्याय नसतो. मान्य! मग तेही सिद्ध करता येतं. १ ते ७८२५ या संख्यांना दोनच रंग असे द्यायचे, की अ² + ब² = क² बसणारं कुठलंही त्रिकूट एकाच रंगाचं होऊ नये. हे अशक्य आहे, असं २०१६ मध्ये ह्यूल, कुलमन आणि मारेक यांनी सॅट सॉल्व्हरनं दाखवलं. पुरावा जवळजवळ २०० टेराबाइट! "नाही" म्हणायला त्यांनी एवढं केलं. आमच्याकडे एक जड शब्द पुरला.

माझा मुद्दा एवढाच. "दुसरा पर्यायच नाही" हे मत नसतं, मोजणीचा दावा असतो. हा दावा करणाऱ्यानं एक तर मोजून दाखवावं, नाहीतर "मला वेळ नव्हता" असं सरळ सांगावं. त्यात लाज नाही. लाज आहे ती आपला कंटाळा थिअरीच्या पदराआड लपवण्यात.

सोमवारी प्रिंटआउट घेऊन गेलो. तिनं शुक्रवारीच पेपर टाकले होते.

ज्या शनिवारी मी हे केलं तो तीन महिने आधीही आलाच असता. तेव्हा मी मान डोलावत होतो.