सरासरीचा पाऊस

‘जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस झाला’ हे वाक्य सातारा जिल्ह्यापुरते तरी फसवे आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. माण तालुक्यात सुमारे ५००. बेरीज करून भागाकार केला की जो पाऊस हाती लागतो, तो ना इथे पडतो, ना तिथे! एकटे महाबळेश्वर सरासरीला वर खेचते. सर्व केंद्रांचे आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला, म्हणजे मध्यक, घेतल्यास ही ओढ पुष्कळशी टळते. परंतु माणची तहान मध्यकही सांगू शकत नाही; त्यासाठी किमान आणि कमाल आकड्यांची जोड हवी. २०२३ साली ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केल्यावर शासनाने हजाराहून अधिक महसुली मंडळांतही दुष्काळसदृश परिस्थिती मान्य केली, हे योग्यच झाले. पावसाच्या बातमीतही जिल्ह्याच्या सरासरीशेजारी सर्वांत कोरड्या मंडळाचा आकडा छापला गेला पाहिजे.