विकिपीडियाचं आयुर्वेदाशी वाकडं आहे का?

"डॉक्टर, विकिपीडियाने आयुर्वेदाला छद्मविज्ञान म्हटलंय. हा सरळसरळ पक्षपात नाही का?" हा प्रश्न मला अधूनमधून कुणीतरी विचारतंच. हातातल्या मोबाइलवर तो इंग्रजी लेख उघडलेला असतो आणि विचारणारा खरोखर दुखावलेला असतो.

ही तक्रार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. आयुर्वेदिक औषध उत्पादकांच्या एका संघटनेने तो लेख बदनामीकारक असल्याची याचिका केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाने ती दाखल करून घ्यायला नकार दिला आणि 'लेखात तुम्हीच दुरुस्ती करू शकता' असं सुचवलं. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेत 'एनर्जी सायकॉलॉजी'वाल्यांनी विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांच्याकडे हजारो सह्यांचा अर्ज केला होता. वेल्स यांचं उत्तर बरंच कडक होतं. त्याचा मथितार्थ असा, की तुमचं काम आधी प्रतिष्ठित शोधनियतकालिकांत छापून आणा, मग विकिपीडिया त्याची योग्य दखल घेईल.

दुरुस्ती कुणीही करू शकतं हे खरं, पण भक्कम संदर्भ नसेल तर ती टिकत नाही. विकिपीडिया स्वतः सत्य शोधत नाही, विश्वासार्ह ठिकाणी जे छापून आलंय त्याचा गोषवारा देतो. वैद्यकीय विषयांत तर एखाद-दुसऱ्या प्रयोगाचा पेपरही पुरत नाही, अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा मागितला जातो. हाच नियम आम्हा अ‍ॅलोपॅथीवाल्यांनाही आहे. थॅलिडोमाइड किंवा २००४ मध्ये बाजारातून काढलेलं व्हायॉक्स, यांच्यावरचे लेख वाचा. तिथे आमची कुणी गय केलेली नाही.

आणि जुन्या औषधाला पुरावा मिळाला की दारं उघडतात. सर्पगंधा घ्या. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन निरीक्षणं नोंदवली आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापली. १९५२ मध्ये तिच्यातून रेझर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर वापरलं गेलं. (पुढे त्याचे दुष्परिणामही कळले आणि अधिक चांगली औषधं आली, पण हे कुठल्याही औषधाचं होतं.) चीनच्या तू यूयू यांनी चौथ्या शतकातल्या ग्रंथावरून धागा पकडला, मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधलं आणि २०१५ चं नोबेल मिळवलं. औषध परंपरेतलं आहे म्हणून कुणी अडवलं नाही.

तरीही तक्रारीत एक गोष्ट मला पटते. एकच शिक्का सगळ्याला लागतो: तेलाच्या मालिशीला, पथ्याला आणि पाऱ्याच्या भस्मालाही. आजी सुंठेचा काढा देत होती, ती काय भोंदू होती? असं वाटून माणूस चिडतो, लेख बंद करतो आणि पुढच्या वेळी डॉक्टरलाही काही सांगत नाही. मला खरी काळजी याची वाटते.

कारण माहिती गरजेची आहे. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हा अभ्यास २००८ चा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पुढे इतर ठिकाणांहूनही अशा नोंदी आल्या. अशा वादाचे दोन्ही बाजूंचे संदर्भ एका ठिकाणी मिळणं रुग्णाच्या फायद्याचंच आहे.

गंमत म्हणजे मराठी विकिपीडियावर चित्र उलट आहे. कितीतरी वनस्पतींच्या लेखांत 'अमुक रोगावर गुणकारी' अशी यादी असते, संदर्भ एकही नसतो. या पक्षपाताविरुद्ध कुणी कोर्टात गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. संशोधन करणाऱ्या वैद्यमित्रांना माझी विनंती आहे, की तुमच्या चांगल्या चाचण्या आणि त्यांचे आढावे घेऊन तिथे लिहा. जिथे उपयोग दिसला नाही तेही लिहा.

आणि माझ्याकडे येताना काढा, चूर्ण, भस्म, जे काही घेत असाल त्याची डबी सोबत आणा. मी रागावणार नाही. कधीपासून घेताय ते विचारीन आणि गरज वाटली तर लिव्हरची तपासणी लिहून देईन.