मधल्या सुट्टीचा जाहीरनामा

शाळेच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी, एक कट्टा असतो. मधल्या सुट्टीत तिथे एखादं पोर एकटंच डबा खाताना दिसतं. झाकण अर्धंच उघडलेलं, आतल्या आत घास मोडायचा, नजर डब्यात. घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधी ते नळावर हात धुतं आणि वर्गात जाऊन बसतं. सगळे घोळक्याने आत येतील तेव्हा आपण आधीपासून जागेवर असलो, की आपण कुणासोबत आलो हा प्रश्नच उरत नाही.

हे पोर आम्ही पाहिलेलं आहे. आमच्यातले काही जण कधीकाळी ते पोर होते. काही त्याचे आईबाप आहेत, काही शिक्षक. आणि काही जण, हे लिहिताना हात जड होतो, त्याला त्या कट्ट्यावर पाठवणाऱ्या टोळक्यातले होते. आज आम्ही एकत्र येऊन एक चळवळ सुरू करत आहोत. तिचं नाव अजून ठरलेलं नाही, म्हणणं ठरलेलं आहे. तेरा ते अठरा वयातल्या मुलाच्या वागण्यावर ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून हात झटकणं आम्ही थांबवणार आहोत. तो स्वभाव घरात आणि मित्रांत रोज थोडा थोडा घडतो, तिथेच बिघडतो आणि सावरायचा असेल तर तिथेच सावरतो.

हा मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी सव्वीस वर्षं आठवी ते दहावीला मराठी शिकवलं. नववीतल्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला होता : ‘उद्धट. वर्गात मिसळत नाही.’ पालकसभेला त्याचे वडील आले. थोरल्या मुलीच्या गुणांबद्दल भरभरून बोलले आणि याचा विषय निघताच म्हणाले, “खोलीची कडीच काढून टाकली बाई. आत काय करतो कळत नाही.” पुढे त्याच्या आईने सांगितलं, की तो वहीचं पान दुमडून त्याची घडी दाराखाली अडकवून झोपतो. त्याला वर्गात एक टोपणनाव होतं, त्याच्या अंगलटीवरून ठेवलेलं. एकदा हजेरी घेताना ते माझ्याही तोंडून गेलं. वर्ग हसला, मीही हसले. तो हसला नाही, आणि त्यानंतर वर्षभर त्याने माझ्या तासाला हात वर केला नाही. घरात दाराला कडी नाही, वर्गात स्वतःचं नाव नाही, आणि वर माझा शेरा, मिसळत नाही म्हणून. तो शेरा खोडायचं राहून गेलं. ही चळवळ माझ्यापुरती तिथून सुरू होते.

पिंड जन्माचा असतो, हे आम्ही नाकारत नाही. एकाच आईची दोन लेकरं, एक हाकेसरशी धावतं, एक जरा आवाज चढला की कोपऱ्यात जातं. पण पिंडाला कसं वागवलं जातं, यावर पुढचं सगळं ठरतं. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९३ साली हेच मांडलं : मूळचंच हळवं मूल आणि त्याच्या भावना खोट्या ठरवणारं घर एकत्र आलं, की मुलाला आपल्या मनात काय चाललंय हे ओळखताच येईनासं होतं. मग ते एक तर सगळं गिळतं, नाहीतर एकदम भडकतं. आपल्या घरांतली वाक्यं आठवून पाहा. ‘नाटकं करू नकोस.’ ‘एवढ्यातेवढ्याला काय रडतेस?’ ‘तुला काय कमी केलंय आम्ही?’ शेवटचं वाक्य तर आम्ही सगळ्यांनी ऐकलंय आणि आमच्यातल्या बहुतेकांनी म्हटलंय. त्यात खरी कळकळही असते, कारण आईबापांनी खरंच पोटाला चिमटा घेतलेला असतो. पण ते ऐकल्यावर मुलाला दुःख सांगायची सोय उरत नाही. सांगितलं तर ते कृतघ्न ठरतं.

घरात ऐकून न घेतलेलं मूल मित्रांकडे पडेल त्या किमतीत जागा विकत घेतं. दुसऱ्याला चिडवायला लागलं तर चिडवतं, सिगारेट ओढायला लागली तर ओढतं, मोबाईलवर कुणाचा फोटो फिरवायला लागला तर फिरवतं. आणि मित्रांनी वाळीत टाकलेलं मूल संध्याकाळी घरी येऊन धाकट्या भावंडावर हात उचलतं, ताट सरकवून देतं. आई म्हणते, हा असा का वागतो कळत नाही. त्या संध्याकाळचं कारण दुपारी एक वाजता टाकीच्या कट्ट्यावर घडलेलं असतं. घर आणि शाळा एकमेकांकडे बोट दाखवत राहतात, आणि मूल दोघांच्या मधल्या रस्त्यावर एकटं चालत असतं.

वाळीत टाकणं हा पोरखेळ आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगते. २००३ साली अमेरिकेत तरुणांना संगणकावर चेंडू फेकण्याचा साधा खेळ दिला. थोड्या वेळाने बाकीचे खेळाडू चेंडू आपसांतच फेकू लागले. ते खेळाडू खरे नव्हतेच, संगणकाने चालवलेले होते. तरीही चेंडू मिळेनासा झालेल्यांच्या मेंदूत, शारीरिक दुखण्याच्या त्रासाशी ज्याचा संबंध लावला जातो तो भाग जागा झालेला दिसला. काही मिनिटांच्या खोट्या खेळात हे झालं. आपली मुलं तर वर्षभर त्याच वर्गात, त्याच बाकावर बसतात, आणि रात्री त्यांना वगळून काढलेला व्हॉट्सॲपचा ग्रुप चालू असतो.

एखाद्या मुलाने जीव दिला, की परीक्षेचा ताण, असं म्हणून आपण विषय संपवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२१ चा अहवाल काय सांगतो ते वाचा. त्या वर्षी देशात अठरा वर्षांखालच्या १०,७३२ मुलांनी जीव दिला. परीक्षेतल्या अपयशाखाली नोंदलेली संख्या ८६४. कौटुंबिक कारणांखाली ३,२३३, प्रेमप्रकरणांखाली १,४९५. पोलिसांनी लिहिलेली कारणं ढोबळ असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी इतकं दिसतंच, की या वयाला सर्वांत खोल लागतं ते नात्यातलं. आणि परीक्षासुद्धा पुष्कळदा नात्यातूनच लागते : नापास झालो तर बाबांना तोंड कसं दाखवू?

लातूरच्या क्लासच्या गल्ल्यांत हे उघड्यावर दिसतं. बीड, परभणी, धाराशिवहून आलेली पंधरा-सोळा वर्षांची पोरं खोल्या करून राहतात, मेसचा डबा खातात. घर मागे राहिलेलं. मित्र करावेत, तर चाचणीचे गुण लागले की अनेक ठिकाणी बॅच बदलते, आणि शेजारच्या खाटेवरचा मुलगा हा मित्र की स्पर्धक हे दर पंधरवड्याला नव्याने ठरतं. रात्री घरचा फोन येतो. जेवलास का, आणि कितवा आलास, या दोन प्रश्नांत तो संपतो. या वयात ‘मी कोण’ हे माणूस दुसऱ्यांच्या डोळ्यांत पाहून शिकतो. तिथे त्याला फक्त गुणवत्ता यादीतला आकडा दिसत असेल, तर आकडा घसरल्यावर त्याच्याकडे उरतं काय?

म्हणून आम्ही जाहीर करतो, की आमच्या शाळांच्या प्रगतिपुस्तकांत यापुढे स्वभावाचा शेरा लिहिला जाणार नाही. मानसोपचारातले जाणकारसुद्धा अठरा वर्षांखालच्या मुलावर व्यक्तिमत्त्व-विकाराचं नाव लावताना थांबतात. लक्षणं निदान वर्षभर टिकली आहेत का हे पाहतात, आणि समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचं निदान तर त्या वयात करायचंच नाही असा त्यांचा नियम आहे. जे डॉक्टर करत नाहीत ते आम्ही मास्तर-बाई एका ओळीत करत आलो.

घरांकडून आमचं मागणं थोडं आहे आणि अवघड आहे. दिवसातून एकदा, जेवताना म्हणा किंवा गाडीवर मागे बसवून नेताना म्हणा, मुलाचं बोलणं मध्ये न तोडता, सल्ला न देता ऐका. शेजारच्याचं उदाहरण देणं बंद. दाराला कडी ठेवा आणि आत जायचं असेल तर टकटक करा. तुमचं चुकलं तर मुलासमोर ‘माझं चुकलं’ म्हणा. याने धाक जातो असं वाटतं, आमचा अनुभव उलटा आहे. यातलं काहीच लाड करणं नव्हे. वेळेवर घरी ये, हे ठामपणे सांगावंच लागतं, आणि ज्याचं ऐकून घेतलंय त्याला ते सांगता येतं.

मुलांनो, तुमच्याकडूनही मागणं आहे, कारण यातली अर्धी सत्ता तुमच्या हातात आहे. जातीवरून, रंगावरून, तोतरेपणावरून पाडलेली नावं टाकून द्या. टोळीतला एक जण जरी हसला नाही तरी टोमण्याची धार जाते, हे आम्ही वर्गात पाहिलं आहे.

आणि सरकारकडूनही मागणं आहे. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ‘सेहर’ नावाचा प्रयोग झाला, गोव्याच्या ‘संगत’ संस्थेच्या पुढाकाराने. सत्तरहून अधिक शाळांत तो तपासला गेला आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काही शाळांत मुलांचं ऐकून घेण्याचं आणि शाळेचं वातावरण सुधारण्याचं काम तिथल्याच शिक्षकांवर सोपवलं, काही शाळांत त्यासाठीच एक साधा, प्रशिक्षण दिलेला माणूस नेमला. तो मानसशास्त्राची पदवी घेतलेला तज्ज्ञ नव्हता. शिक्षकांकडून फरक पडला नाही. त्या माणसाच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. माझ्यासारखीला हे वाचताना वाईट वाटलं, पण ते खरं आहे : हजेरी, पोषण आहार, निवडणुकीच्या याद्या सांभाळणाऱ्या आणि गुण देणाऱ्या माणसापाशी मूल मन मोकळं करत नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत असा एक माणूस पाहिजे. पगारी पाहिजे, गुण न देणारा पाहिजे. तो येईपर्यंत १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फळ्याशेजारी रंगवलेला असावा, मुलींच्या स्वच्छतागृहातसुद्धा.

सरकारची वाट पाहत आम्ही बसणार नाही. ज्यांना यात यायचंय त्यांच्यासाठी वर्गणी नाही, अर्ज नाही. पुढच्या सोमवारपासून आमच्यातला एक एक जण आपापल्या गावच्या शाळेत, मुख्याध्यापकांना विचारून, मधल्या सुट्टीत आपला डबा घेऊन टाकीच्या कट्ट्यावर बसेल. त्या पोराला नाव विचारेल, त्याच नावाने हाक मारेल. त्याने डबा झाकून घेतला तर घेऊ दे. मंगळवारी परत जायचं आहे.